पल्याडची

अकरावीला परस्पंद हा विषय सक्तीचा झाला, त्याच्या दुसऱ्या वर्षी संयुक्ता बिराजदार निलंग्याजवळच्या गावातून लातूरच्या कॉलेजात आली. आरोग्यशिक्षणाचा हा नवा विषय. त्याला पुस्तक नव्हतं, परीक्षाही नव्हती. मानेमागे चिकटवायची नखाएवढी पट्टी होती आणि संध्याकाळी अर्धा तास शांत बसायचं होतं.

ही पट्टी दोन कामं करी. हृदयाचे ठोके, श्वास, भूक, स्नायूंतला ताण, असं शरीराच्या आत दिवसभर चाललेलं सगळं ती टिपून घेई. आणि संध्याकाळी, मेंदूचा जो भाग आपल्याला आतली खबर देतो, त्याला ती दुसऱ्या कुणाच्या तरी अशाच दिवसाचं सार ऐकवी. मुलांना सांगितलेलं असे, की राज्यात कुठेतरी तुमच्या वयाचा एक जोडीदार आहे. तुमचं त्याला जातं, त्याचं तुम्हाला येतं. नावगाव मात्र कळणार नाही.

पहिले तीन आठवडे पट्टी नुसती टिपत राहिली; जोडीदार जुळवायला तेवढा वेळ लागतो, असं मुलांना सांगितलं होतं. मग एका संध्याकाळी संयुक्ताने डोळे मिटले आणि तिच्या छातीत दुसरं हृदय सुरू झालं. तिचं स्वतःचं चालू होतंच. त्याच्या खाली, किंचित घाईत, आणखी एक. कुणीतरी श्वास घेत होतं. त्या कुणाचे खांदे आखडलेले होते, तळपाय गार होते. मग पोटात ऊब पसरली. ते जे कोण होतं ते जेवलं होतं. ज्याला आपण माणूस म्हणतो तो आतून इतका गजबजलेला असतो, हे तिला तोवर माहीत नव्हतं. वेळ संपली, बाकीची मुलं निघून गेली, तरी ती तशीच बसून राहिली. ही मुलगीच असणार, असं तिने ठरवून टाकलं आणि तिला नावही दिलं. पल्याडची.

त्यानंतर संयुक्ताचं डबा न खाता क्लासला जाणं थांबलं. आपण उपाशी राहिलो तर पल्याडचीच्या पोटात कळ येईल, या विचाराने तिला घास सोडवेना. ती वेळेवर झोपायला लागली. खो-खोच्या मैदानावर तर ती अशी पळायची, की मुलींनी बघत राहावं. तिला तो वारा पल्याडचीपर्यंत पोचवायचा होता.

दिवाळीनंतर सराव परीक्षेत तिचे गुण घसरले. खो-खो सुटला, झोप आखडली. पल्याडचीला काही दिवस त्रास होईल, मग भरून काढू, असं तिने स्वतःला समजावलं. बाकी आपल्याला काही झालंय असं तिला वाटलं नाही. अभ्यास चालला होता, एवढंच.

थंडीत एका सकाळी ती मैदानावर आली. तिथे खो-खोचे शिक्षक दामोदर गित्ते खांब रोवत होते.

"सर, पल्याडची बरी नाही."

"म्हणजे?"

"सकाळी तिला उठवत नाही. छातीवर कुणी पाटा ठेवलाय असं वाटतं. जेवते, पण दोन घासांत थांबते. रडत नाही. रडली असती तर बरं झालं असतं." तिचा आवाज चिरका झाला. "तिच्या घरचं कुणी नाही का, सर? तिच्या आईला कळत कसं नाही? तिला कुणीतरी शोधायला पाहिजे."

गित्ते सरांनी तिच्याकडे नीट पाहिलं. "आणि तू कशी आहेस?"

"माझं सोडा, मी बरी आहे."

त्याच दुपारी गित्ते सर परस्पंदच्या लातुरातल्या कार्यालयात डॉ. हिमानी सोवनींकडे गेले. परस्पंद ही त्यांचीच कल्पना. सरांनी सगळं सांगितलं आणि म्हणाले, "नियम मोडावा लागला तरी चालेल, मॅडम. त्या मुलीचा पत्ता काढा."

डॉक्टरांनी दार लोटून घेतलं. संगणकाच्या पडद्यावरच्या रेषा पाहिल्या.

"ती तुमच्याच कॉलेजात आहे," त्या म्हणाल्या. "संयुक्ता बिराजदार."

सरांना काही कळेना.

"जोडीदार कुणालाच नसतो, सर. प्रत्येकाला त्याचंच शरीर आम्ही तीन आठवड्यांनी परत ऐकवतो."

"मग मुलं ओळखत कशी नाहीत?"

"तुम्ही स्वतःचा आवाज रेकॉर्ड करून ऐकलाय?"

"ऐकलाय. माझा वाटत नाही."

"बोलताना आपला आवाज आपल्याला कवटीच्या हाडांतूनही ऐकू येतो. तोच बाहेरून आला, की परका वाटतो. शरीराचंही तसंच. शिवाय सवय झालेलं मेंदू गाळून टाकतो. बूट घट्ट असले तरी थोड्या वेळाने जाणवत नाहीत ना, तसं. दुःखही गाळलं जातं. दुसऱ्याचं म्हणून आलं, की सगळंच्या सगळं जाणवतं."

"ही फसवणूक आहे, मॅडम."

"आहे. स्वतःला जपा म्हणून आम्ही मुलांना वर्षानुवर्षं सांगत होतो. ऐकत नव्हती. दुसऱ्याला जपा म्हटलं आणि जिवापाड जपायला लागली. खरं काय ते वर्षअखेरीला सांगतो, आणि पुढच्या मुलांना कळू देऊ नका म्हणून विनवतो. अजून कुणी फोडलेलं नाही."

"पण ही मुलगी बुडत होती. तुमच्या यंत्राला कळलं नाही?"

"यंत्राने ठोके मोजले. ते कशाचे आहेत, ते तिला कळलं. आम्हाला नाही." डॉक्टरांनी पडदा बंद केला. "आत्ता सांगितलंत, तर ज्या एका जिवासाठी ती दोन घास खातेय, तो जीवच नाहीसा होईल."

"आणि नाही सांगितलं तर? तिला उपचारांना न्यायचं, ते कोण आजारी आहे म्हणून न्यायचं?"

गित्ते सरांनी दुसऱ्या दिवशी सांगितलं. मैदानाच्या कडेला, शेजारी बसून, सावकाश. संयुक्ता आधी हसली.

"नाही सर. मी एवढी आजारी नव्हते."

"होतीस, बाळा."

तिने मानेमागे हात नेला, पट्टी चाचपली. मग विचारलं, "म्हणजे ती नाहीच?" आणि पल्याडचीला जे जमलं नव्हतं ते तिने केलं. ती मोठमोठ्याने रडली, घरातलं कुणी गेल्यावर रडतात तशी. सरांनी तिच्या आईला फोन लावला. आई संध्याकाळच्या आत लातुरात पोचली.

मानसोपचार सुरू झाले. आई खोली घेऊन तिच्याजवळ राहिली. उन्हाळ्यापर्यंत संयुक्ता पुन्हा जेवायला, झोपायला लागली, मैदानावरही दिसू लागली. जूनमध्ये डॉ. सोवनी कॉलेजात आल्या, तेव्हा त्यांनी तिला भेटायला बोलावलं. मुलगी तुकतुकीत दिसत होती. डॉक्टरांना मनातून फार बरं वाटलं.

"आता स्वतःची काळजी घेतेस ना?"

"घेते. सगळं वेळेवर करते." संयुक्ता जरा घुटमळली. "पण मॅडम, तिची मला काळजी वाटायची. माझी मी नुसती घेते."

खिडकीखाली आवारात अकरावीची नवी मुलं जमत होती. पट्ट्या वाटणं सुरू झालं होतं.

"यांनाही सांगणार?" संयुक्ताने विचारलं.

"सांगावं तर लागेलच."

ती खिडकीपाशी जाऊन उभी राहिली, त्या अनोळखी मुलांकडे मायेने बघत.

"उशिरा सांगा," ती म्हणाली. "जेवढं उशिरा सांगता येईल, तेवढं उशिरा."