जमिनीखालचे बिंदू

परभणीत वसमत रस्त्याला, एका टायरच्या दुकानाच्या माडीवर शिवकन्याचं ऑफिस होतं. चार संगणक, एक खडखडणारा कूलर आणि खिडकीतून येणारा रबराचा वास. काम सरळ होतं. विमानातून लेझरचे किरण जमिनीवर सोडलेले असायचे. ते परत यायला किती वेळ लागला, यावरून प्रत्येक ठिकाणची उंची निघायची. एका ठिकाणाचा एक बिंदू, असे कोट्यवधी बिंदू फायलींत भरून ऑफिसात यायचे.

या वेळच्या फोल्डरमध्ये जिंतूर तालुक्यातल्या कालव्याच्या पाहणीच्या दोनशे बारा फायली होत्या. एक फाईल म्हणजे अर्धा किलोमीटर लांबी-रुंदीचा चौकोन. शिवकन्यानं स्वतः लिहिलेली स्क्रिप्ट एकामागून एक फाईल उघडायची, जमीन, झाडं आणि छपरं वेगळी करायची आणि खोटे बिंदू पुसायची. पाण्यावरून किंवा पत्र्यावरून किरण उसळला की काही बिंदू जमिनीच्या खाली असल्यासारखे दिसतात. लेझर मातीत शिरत नाही. म्हणून अर्ध्या मीटरपेक्षा खोल दिसणारा बिंदू पुसायचा आणि किती पुसले तेवढं नोंदवायचं. त्यात विचार करण्यासारखं काही नव्हतं.

दुपारी तिनं ती नोंद चाळली. बारा, नऊ, एकवीस, चौदा. एकशे चौदा नंबरच्या फाईलपुढं आकडा होता एक हजार तीनशे सव्वीस.

तिनं ती फाईल पुन्हा चालवली. तोच आकडा.

"शिवकन्या मॅडम, खोटे बिंदू बघायचा पगार न्हाई मिळत आपल्याला," शेजारच्या खुर्चीवरून नागेश म्हणाला. तो तिच्यापेक्षा चार वर्षांनी जुना. "चारठाण्याच्या जुन्या देवळांकडचं हाय ना? मग गुप्तधन असंल. निम्मं माझं."

"विहीर असेल," ती म्हणाली.

पण तिथं विहीर नव्हती. तिला ते पक्कं ठाऊक होतं, कारण पडद्यावर उलगडलेला बांध तिच्या ओळखीचा होता. कोपऱ्यातलं हिवराचं झाड, त्याच्या सावलीत आजोबांच्या समाधीचा सिमेंटचा ओटा. ते त्यांचंच शेत होतं. ओट्याच्या पूर्वेला थोडी मोकळी जागा होती आणि सगळे बिंदू त्या मोकळ्या जागेखाली गोळा झाले होते.

तिनं चित्र हळूहळू फिरवलं. वरचं टोक जमिनीखाली एक मीटर चाळीस सेंटिमीटरवर, तळ दोन तीसवर. वर गोल आकार. त्याखाली दोन उतरते खांदे. तळाशी दुमडलेले गुडघे. उजवा हात गुडघ्यावर. डावा हात छातीपुढं धरलेला, तळवा वर.

तळव्यात काही नव्हतं.

शिवकन्याच्या लोकांत माणूस जाळत नाहीत. मांडी घालून, बसवून पुरतात आणि जन्मभर गळ्यात बांधलेलं लिंग त्याच्या डाव्या तळहातावर ठेवतात. तिचे वडील ईश्वरअप्पा चार वर्षांपूर्वी, कोविडच्या दुसऱ्या लाटेत, दूरच्या शहरातल्या दवाखान्यात वारले. देह घरी मिळाला नाही. तेव्हाच्या नियमाप्रमाणं तिकडंच जाळला. एका पिशवीत चष्मा, मोबाईल आणि लिंग तेवढं परत आलं. आई, उमादेवी, ते लिंग स्टीलच्या डबीत घालून देवघरात ठेवायची. आजोबांशेजारची जागा अप्पांनी स्वतः, हसत हसत, पावलांनी मोजून ठेवलेली होती.

"माणसाला बसायला जागा न्हाई दिली गं आपण," आई दर वर्षी त्या दिवशी म्हणायची. डबी तिथं पुरू या म्हणायची. आणि शिवकन्या दर वर्षी सांगायची की आई, मातीत कोणी राहत नाही.

ती संध्याकाळपर्यंत चूक शोधत राहिली. विमान त्या शेतावरून चारदा गेलं होतं, दर वेळी वेगळ्या दिशेनं. चूक असती तर चार वेळा चार तऱ्हेची झाली असती. तिनं चारही फेऱ्यांचे बिंदू चार रंगांत मांडले. ते एकमेकांवर नीट बसले.

तिनं ते पुसले नाहीत. वेगळ्या फाईलमध्ये ठेवले. फाईलला काय नाव द्यावं ते तिला सुचलं नाही.

शनिवारी ती यष्टीनं जिंतूरला आणि तिथून गावाला गेली. जेवताना म्हणाली, "आई, अप्पांचं लिंग शेतात ठेवू."

उमादेवीनं भाकरी ताटात तशीच ठेवली. "चार वर्सं म्हनायलेय मी. आज कसं काय? तुझ्या मशिनीत दिसलं का काय?"

"मशीनला मातीतलं दिसत नाही, आई."

"मग?"

"तरीपण."

सकाळी लिंबाजीकाका टिकाव-फावडं घेऊन आले. ते अप्पांच्या वेळेपासून शेतात कामाला. शिवकन्यानं सोबत टेप आणला होता. खड्डा एक मीटर वीसवर आला तेव्हा ती म्हणाली, "बास, काका."

"अजून हातभर घेतो की. माती मऊ हाय, जशी कुनी उकरलेली."

"नको. बास."

लहानपणापासून प्रत्येक गोष्ट उघडून बघणारी मुलगी ती. त्या दिवशी तिला उरलेल्या वीस सेंटिमीटरची भीती वाटली.

विभूती, बेल आणि पांढऱ्या कापडात गुंडाळलेलं लिंग आईनं खाली सोडलं. माती लोटून झाल्यावर ती पूर्वेच्या बाजूला तिथंच खाली बसली.

"ही माझी जागा. लग्न झाल्यापासून ह्येंच्या उजव्या अंगालाच बसले मी. ध्यानात हाय का, जिंतूरच्या यष्टीत मी चढले की ह्ये सरकायचे आन् शीटवर हात थोपटायचे? दोनदा. बोलायचे न्हाईत. नुसतं थोपटायचे."

"ऊठ आई. ऊन लागेल."

"लागू दे. लय दिसांनी बरं वाटायलंय."

जानेवारीतल्या पहिल्या उड्डाणाच्या वेळी कापूस आणि तूर उभी असल्यानं काही ठिकाणी जमीन नीट दिसली नव्हती. म्हणून एप्रिलमध्ये रानं मोकळी झाल्यावर विमान पुन्हा उडालं. नव्या फायली सोमवारी आल्या. शिवकन्यानं स्क्रिप्ट लावली आणि चहा न घेता समोर बसून राहिली.

अकरा. सतरा. आठ.

एकशे चौदा: एक हजार तीनशे सत्तावीस.

दोन निरनिराळ्या उड्डाणांत इतके जवळचे आकडे येत नाहीत. तिनं फाईल उघडली. डावी मूठ मिटलेली होती. मुठीच्या आत एकच बिंदू होता, सगळ्या फाईलमध्ये सर्वांत लखलखीत.

तिचे डोळे भरून आले. नागेश कूलरमध्ये पाणी ओतत होता, त्यानं पाहिलं नाही. मिळालं त्यांना, एवढंच तिच्या मनात आलं. मिळालं.

मग तिनं जानेवारीची फाईल या नव्या फाईलवर ठेवली.

दोन्ही आकृत्या जुळत नव्हत्या.

तिनं ओट्याचे कोपरे तपासले. ते जुळत होते. बांध जुळत होता. हिवराचं झाड जुळत होतं.

फक्त तो खाली बसलेला माणूस आजोबांच्या बाजूला सत्तर सेंटिमीटर सरकला होता. उजवा हात गुडघ्यावर नव्हता. पूर्वेच्या मोकळ्या जागेत, पसरून, तळवा खाली करून ठेवला होता.

तिनं आईला फोन लावला. खूप वेळानं उचलला.

"आई, कुठंयस?"

"शेतात. ह्येंच्यापाशी. सकाळीच आले बग."

"घरी जा. आत्ता. ऊन किती आहे."

"ऊन हाय, पन बुडाखाली लय गार लागायलंय गं. उठूच वाटंना."

शिवकन्या उभी राहिली. फोनमध्ये आईच्या श्वासामागं आणखी एक आवाज येत होता. मऊ मातीवर हात थोपटल्यासारखा. दोनदा. थोडं थांबून, पुन्हा दोनदा.

"आई, जमिनीवर हात आपटतीयेस का?"

"न्हाई की. एका हातात फोन हाय, एका हातात पदर. का गं?"