तेहतीस शिक्क्यांची वही

सोनूबाई गोताड खुर्चीवर बसायला तयार नव्हत्या.

"उभ्यानंच सांगते," त्या म्हणाल्या. "माज्यावर चोरीचा आळ आलाय. तो उतरवा. दुसरं काय मागणं नाय."

मारुती मंदिराजवळच्या त्या छोट्या कचेरीत निशिगंधा शितूत गेली अकरा वर्षं खासगी तपासाचं काम करत होत्या. समोर वही उघडून बसलेले विनीत साळवी हे त्यांचे मदतनीस. एसटीत वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झालेले. वेळापत्रक बिनचूक, तर्क मात्र नेहमी एक थांबा मागे.

"कशाची चोरी?" निशिगंधाबाईंनी विचारलं.

"शिक्क्यांच्या वहीची. जपानच्या."

हकीगत अशी होती. सोनूबाई मूळच्या देवरुखच्या वरच्या अंगाच्या एका वाडीतल्या. मुलगा केरू मुंबईला कामाला. त्या स्वतः बावीस वर्षं रत्नागिरीत मालिनी आठल्ये यांच्या घरी राहून स्वयंपाकपाणी बघत होत्या. मालिनीताईंची मुलगी अपूर्वा जपानमध्ये कानाझावा शहरात असते. तिच्या बाळंतपणाला मालिनीताई तीन महिने गेल्या, तेव्हा सोनूबाईंनाही सोबत घेऊन गेल्या. तिथल्या देवळांत दर्शन घेतलं की पुजारी वहीत लाल शिक्का उठवतो आणि त्यावर कुंचल्यानं देवाचं नाव नि तारीख लिहून देतो. तशा तेहतीस देवळांच्या शिक्क्यांची ती वही. येत्या शनिवारी ती शहरातल्या एका वाचनालयात प्रदर्शनात मांडायची होती. सोमवारी संध्याकाळी ती कपाटातून नाहीशी झाली.

"चार ते सहा घरात मी एकटीच व्हते. म्हणून वहिनींचा मुलगा वरददादा म्हणाला, दुसरं कोण घेणार? बावीस वर्षांत त्या घरातला चमचा हलला नाय, ताई."

"आणि मालिनीताई काय म्हणाल्या?"

सोनूबाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "वहिनी काय बोलल्या नाय."

"वही कशी होती?"

"घडीची. पंख्यासारखी उलगडते. शाई लवकर सुकत नाय तिची, म्हणून दोन पानांत टिपकागद ठेवायचा. तो कधी काढायचा नाय. काढला तर समोरच्या पानावर डाग पडतो. मग देवाच्या नावावर देवाचं नाव. बरं दिसत नाय ते."

त्या गेल्यावर विनीतराव म्हणाले, "बाईला वहीची फारच माहिती दिसते. घरकाम करणाऱ्या बाईला इतकी कशाला? मला तर संशय वाटतो."

"माहिती आहे खरी," निशिगंधाबाई म्हणाल्या. "तेवढं लिहून ठेवा."

आठल्यांचं घर थिबा पॅलेसच्या बाजूला होतं. दार वरदनं उघडलं. तिशीतला तरुण. त्याचा गणपतीपुळ्याला पर्यटकांसाठी राहण्या-जेवणाचा व्यवसाय होता.

"पोलिसांत गेलो नाही हेच खूप समजा," तो म्हणाला. "सोमवारी सहा वाजता मी वही न्यायला आलो. प्रदर्शन भरवणाऱ्या गुरुप्रसाद सुर्व्यांना पोचवायची होती. खण उघडला तर आत नुसते टिपकागद."

"ती वही तुम्हालाही हवी होती ना?" निशिगंधाबाईंनी अंदाजानं खडा टाकला.

वरद चपापला. "कुणी सांगितलं? म्हणजे, प्रदर्शन झाल्यावर माझ्याकडे काचेत लावू म्हणत होतो. पाहुण्यांना आवडलं असतं. पण आई नको म्हणाली. विषय संपला. सोमवारी दिवसभर मी पुळ्यालाच होतो, जेवायला पंचवीस माणसं होती. विचारा."

खणाची किल्ली दारामागच्या खिळ्याला टांगलेली असे. घरातल्या सगळ्यांना ते ठाऊक होतं. निशिगंधाबाईंनी खण उघडला. टिपकागद तिथंच होते. त्यांनी ते मोजले. एकूण बत्तीस. कडा जुळवून एकावर एक ठेवलेले.

"चोर नीटनेटका दिसतो," विनीतराव म्हणाले.

मालिनीताई बाहेर आल्या. पासष्टीच्या, शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. सुती साडीची घडी मोडलेली नव्हती, पण डोळे झोप न झाल्यासारखे दिसत होते.

"वही शेवटची कधी पाहिलीत?"

"रविवारी गुरुप्रसाद आले होते, त्यांनी शिक्क्यांचे फोटो काढले. मी वही खणात ठेवून कुलूप लावलं. सोमवारी चार वाजता महिला मंडळात गेले, सहाला परत आले."

"तेहतीस देवळांपैकी तुमच्या मनात कुठलं राहिलं?"

"सगळीच सुंदर आहेत." त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. "शांत. स्वच्छ."

"आणि नातू?"

मालिनीताईंचा चेहरा एकदम उजळला. "नात! अकरा नोव्हेंबरची. हे बघा फोटो. अपूर्वाला फार त्रास झाला हो. सव्वा महिना मी त्या दोघींना सोडून घराबाहेर पाऊल टाकलं नाही. शेक, अंघोळ, डिंकाचे लाडू, सगळं आपल्या पद्धतीनं. जावई म्हणाले, आई, तुम्ही होतात म्हणून निभावलं."

"अभिमान वाटावा असंच आहे," निशिगंधाबाई मनापासून म्हणाल्या. "पण सोनूबाईंना चोर म्हटलं जातंय. तुम्हालाही तसं वाटतं?"

मालिनीताईंनी फोटो उलटा ठेवला. "मी तसं म्हटलेलं नाही," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

गुरुप्रसाद सुर्वे वाचनालयाच्या सभागृहात टेबलं लावून घेत होते. उत्साही, घामेजलेला माणूस. भिंतीवर फलक तयार होता: 'मालिनीताईंची तेहतीस देवळं'.

"हे नाव कुणी दिलं?"

"मीच! वही त्यांच्या कपाटात बघितली आणि म्हटलं, ताई, एवढी पायपीट या वयात? वर्तमानपत्रातही छापून आणलं. ताई आपल्या गप्पच. विनय हो, दुसरं काय!"

"वहीचं पुढं काय करणार होतात?"

"आपल्याकडच्या देवळांतही असे शिक्के सुरू करावेत असं माझ्या मनात आहे. नमुना म्हणून वही महिनाभर मागितली होती. ताई म्हणाल्या, शनिवारपुरतीच देईन. आता ती शनिवारपुरतीही नाही!" ते खाली बसले. "आणि मी मात्र पुण्याहून मनस्विनी केतकरांना बोलावलंय. जपानी शिकवतात त्या. माझ्या फोटोंवरून त्यांनी ही यादी करून पाठवली."

विनीतरावांनी यादी वाचली. तेहतीस देवळांची नावं, पुढं तारखा. पहिली चौदा नोव्हेंबर, शेवटची सोळा डिसेंबर. काही दिवशी एकच देऊळ, काही दिवशी दोन.

"केतकरबाई शनिवारी काय करणार?"

"लोकांसमोर पानन् पान वाचून दाखवणार. शिवाय त्या म्हणाल्या, वहीच्या मागच्या बाजूला बहुतेक मालकाचं नाव लिहिलेलं असतं. देवळात वह्यांची अदलाबदल होऊ नये म्हणून. मी काही ती बाजू टिपली नव्हती. म्हटलं, तेही वाचू! सोमवारी सकाळीच फोन करून ताईंना ही आनंदाची बातमी दिली."

"आणखी कुणाला सांगितलंत?"

"छे. शनिवारी सगळ्यांना चकित करायचं होतं."

बाहेर पडल्यावर विनीतराव म्हणाले, "माणूस लबाड वाटतो. महिनाभर मागितली, मिळाली नाही, म्हणून उचलली."

"आणि आपल्याच प्रदर्शनाचं वाटोळं केलं?" निशिगंधाबाई हसल्या. "विनीतराव, उद्या सकाळी सगळ्यांना आठल्यांकडे बोलवा. सोनूबाईंनासुद्धा. आणि त्यांना खुर्ची द्यायला लावा."

गुरुवारी सकाळी आठल्यांच्या दिवाणखान्यात पाच माणसं बसली. सोनूबाई खुर्चीच्या अगदी कडेला.

"टिपकागदांपासून सुरुवात करते," निशिगंधाबाई उभ्या राहून म्हणाल्या. "वही पळवणारा माणूस ती आहे तशी उचलतो. बत्तीस कागद एकेक करून काढत बसत नाही, त्यांच्या कडा जुळवत नाही. ज्यानं ते काढले त्याला वेळ होता आणि वहीत काहीतरी शोधायचं होतं. पानन् पान, मागूनपुढून."

"काय शोधायचं होतं?" वरदनं विचारलं.

"सांगते. पण सोनूबाईंनी ते काढले नसते. शाईचा डाग पडेल म्हणून काढायचे नसतात, हे मी न विचारता त्यांनीच मला सांगितलं. विनीतरावांना त्या माहितीचा संशय आला. मला प्रश्न पडला, ही माहिती आली कुठून? वही ज्यानं रोज हाताळली त्यालाच शाईची काळजी."

सोनूबाईंनी मान खाली घातली.

"आता तारखा. बाळ अकरा नोव्हेंबरला जन्मलं. मालिनीताईंनी सव्वा महिना घराबाहेर पाऊल टाकलं नाही. त्या खोटं बोलत नव्हत्या, ते सांगताना त्यांचा चेहरा मी पाहिला. सव्वा महिना अठरा डिसेंबरच्या सुमाराला संपतो. आणि सगळेच्या सगळे शिक्के चौदा नोव्हेंबर ते सोळा डिसेंबर या दिवसांतले आहेत."

विनीतरावांचं पेन थांबलं. "म्हणजे त्या देवळांत गेल्याच नाहीत!"

"नाही. मग त्या घरातून रोज बाहेर पडू शकेल असं आणखी कोण होतं?"

सगळ्यांच्या नजरा सोनूबाईंकडे वळल्या.

"सोमवारी सकाळी गुरुप्रसादांनी फोन केला. वहीमागचं नाव लोकांसमोर वाचलं जाणार, हे त्या दिवशी एकाच माणसाला कळलं. ते नाव स्वतःचं असतं तर ते वाचलं जाण्याची भीती कशाला वाटली असती? त्या अक्षरांत नाव कुठं आहे हे कळेना, म्हणून एकेक कागद काढून पानं तपासली गेली. आणि चार वाजायच्या आत वही खणातून गेली. पण घराबाहेर गेली नाही. एवढ्या हळुवारपणे कागद रचून ठेवणारं माणूस वही फेकत नाही, जाळत नाही. मालिनीताई, आणता का?"

मालिनीताई उठल्या. आतून साड्यांची ट्रंक उघडल्याचा आवाज आला. त्या आल्या तेव्हा त्यांच्या हातात निळ्या जरीच्या पुठ्ठ्याची वही होती.

गुरुप्रसादांनी मागच्या बाजूचा फोटो काढून पुण्याला पाठवला. दोन मिनिटांत फोन वाजला. त्यांनी तो सगळ्यांना ऐकू येईलसा धरला.

"नाव आहे ना, कुणीतरी जपानी अक्षरांत लिहून दिलेलं," मनस्विनी केतकर सांगत होत्या. "सो-नू-बा-ई. कोण या?"

वरद खुर्चीतून उठला आणि तसाच उभा राहिला.

"मी खोटं बोलले नाही, असं स्वतःला सांगत राहिले," मालिनीताई म्हणाल्या. आवाज मुख्याध्यापिकेचाच होता, पण फाटलेला. "गुरुप्रसाद कौतुक करत गेले, मी गप्प बसले. पेपरात नाव आलं, गप्प बसले. मग वरदनं तुम्हाला चोर म्हटलं सोनूबाई, आणि मी तेव्हाही गप्प बसले. पहिल्या दोन वेळांची मला लाज वाटते. तिसरीला क्षमा नाही."

"माजी वही तुमच्या कपाटात मीच ठेवली व्हती," सोनूबाई म्हणाल्या. "माज्या खोलीत ओल येते. तुमी नेलंत म्हणून मी विमान बगितलं, वहिनी. वही तुमची म्हटली लोकांनी, म्हटलं म्हणू देत. पण चोर? ते नाय सोसलं."

"मला सांगायला हवं होतंत, मावशी," वरद पुटपुटला.

"तू इचारलंस कुठं?"

वरदनं वाकून त्यांच्या पायांना हात लावला. सोनूबाईंनी त्याला लगेच उठवलं नाही. थोडा वेळ तसंच राहू दिलं, मग खांद्याला धरून उभं केलं.

शनिवारी सभागृह भरलं होतं. आदल्या दिवशी मालिनीताईंनी स्वतः नवा फलक रंगवला होता: 'सोनूबाई गोताड यांची तेहतीस देवळं'. माईक हातात घेऊन त्यांनी सगळं सांगितलं, स्वतःचं गप्प बसणंही. टाळी वाजली नाही. त्या खाली येऊन दुसऱ्या रांगेत बसल्या. पहिल्या रांगेत केरू होता, सकाळीच मुंबईहून आलेला.

मनस्विनी केतकरांनी वही उलगडली, यादी हातात घेतली आणि पहिल्या देवळाचं नाव वाचायला तोंड उघडलं.

"थांबा बाय," सोनूबाई म्हणाल्या. "मी सांगते."

"तुम्हाला ही अक्षरं वाचता येतात?"

"मला कुठलीच येत नाय."

त्यांनी पहिल्या पानावर बोट ठेवलं. "हे पुलापलीकडचं. दारात शेवाळलेलं दगडी कासव. पुजारी म्हातारा, हात कापायचा, पण कुंचला धरला की कापायचा नाय. हे दुसरं, चढावरचं. पाऊस आपल्यासारखाच, पण हाडात शिरणारा. त्यांनी मला छत्री दिली, दुसऱ्या दिवशी मी परत नेऊन दिली, तर चहा पाजला. हे लहान लेकरांच्या देवाचं. तिथं मी अपूर्वाच्या लेकीसाठी हात जोडले."

केतकरबाई एका डोळ्यानं यादीतल्या नावांचे अर्थ पडताळत होत्या. पूल बरोबर, चढ बरोबर, मुलांचा रक्षक देव बरोबर. दहावं पान झालं, पंधरावं झालं. सोनूबाई एकदाही अडल्या नाहीत. कुठल्या वळणावर मासळीचा बाजार, कुठल्या देवळात बाईमाणूस पुजारी, कुठं पायऱ्या मोजून चौऱ्याऐंशी.

"वाट कशी सापडायची हो?" मागून एका मुलीनं विचारलं.

"आमच्या वाडीतनं देवरुखच्या बाजारला रानातनं वाट हाये," सोनूबाई म्हणाल्या. "ती सापडती त्याला जगात कुठं बी सापडती."

केरू डोळे पुसत हसला. तेव्हा कुठं पहिली टाळी वाजली, आणि ती दुसऱ्या रांगेतून आली.

विसाव्या पानाशी केतकरबाईंनी छापील यादी बाजूला ठेवली. पर्समधून कोरी वही काढली, पेनाचं टोपण उघडलं आणि म्हणाल्या, "सोनूबाई, जरा सावकाश. मला हे सगळं लिहून घ्यायचंय. पुन्हा पहिल्यापासून सांगाल?"

"सांगेन की," सोनूबाई म्हणाल्या आणि खुर्ची ओढून ऐसपैस बसल्या.