लाल माठाची वाटी

रेवाच्या तोंडात दुसरा घास गेला, तेव्हा शर्वरीचं लक्ष वाटीकडे गेलं. वाटी तिचीच होती, काठावर नवऱ्याचं नाव कोरलेली. काल तिच्यातून शेजारच्या आवटीकाकूंकडे शेवयांची खीर गेली होती. वाटी रिकामी परत करायची नाही, म्हणून आज ती लाल माठाची भाजी घेऊन आली होती. पण बाजारात तर पंधरा दिवस लाल माठ दिसला नव्हता.

तिनं बोट घालून अडीच वर्षांच्या रेवाच्या तोंडातला घास बाहेर काढला. रेवानं भोकाड पसरलं. तिला कडेवर घेऊनच ती शेजारी गेली.

"काकू, भाजी कुठली?"

"खालच्या वाफ्यातली. का गं, खारट झाली?"

शर्वरी उंबऱ्यावरच बसली.

खालच्या वाफ्यात माठ नव्हता. ती शिसेओढ होती, प्रयोगशाळेत घडवलेली, दिसायला माठाची सख्खी बहीण. कॉलनी उभी राहण्याआधी तिथं जुन्या बॅटऱ्या फोडायचं शेड होतं, आणि मातीत मुरलेलं शिसं पावसानं धुऊन जाणारं नव्हतं. शिसेओढीची मुळं ते पाण्याबरोबर ओढून पानांत साठवत. पानं भरली की शिरा निळ्या पडत. मग रोप कापायचं, पिशवीत सील करायचं, सरकारी गाडीत द्यायचं. या कामासाठी कॉलनीतूनच बागसेवक तयार होत होते, नऊ रविवारांचं प्रशिक्षण घेऊन. शर्वरीनं पहिल्याच दिवशी नाव दिलं होतं. रेवा वाफ्यालगतच्या त्याच मातीत रांगायला शिकली होती.

"निळं पान तोडायचं नाही, एवढं कळतं मला," आवटीकाकू म्हणाल्या. "एकेक बघून लालच तोडलंय. पाटीच आहे की तिथं!"

पाटी शर्वरीनंच रंगवली होती. 'निळी पानं खाऊ नयेत.' किती सोपं लिहिलंय, असं तेव्हा तिला वाटलं होतं. पान निळं पडायच्या आधीही त्यात शिसं असतंच, हे तिला इतकं पाठ होतं की लिहायचंच राहिलं.

तिनं प्रशिक्षणाच्या पेटीतला, शिसं असलं की काळा पडणारा शिसकागद आणून भाजीत बुडवला. पिवळा कागद मिनिटभरात काळा पडला.

"किती घरी दिलीत?"

काकू ओट्याला टेकल्या आणि डोळे मिटून वाट्यांवरची नावं आठवू लागल्या. "कुंभोजकरांची वाटी... मुजावरांचा डबा... चौगुल्यांची ती झाकणाची..."

दोघी सहा दारं फिरल्या. चौगुल्यांकडे पानं वाढून झाली होती. प्रत्येक दारात काकू आधी म्हणायच्या, "माझ्या हातून झालं, टाका ती भाजी." आणि शर्वरी म्हणायची, "पाटी माझी होती."

दुसऱ्या दिवशी कॉलनीतल्या सगळ्या मुलांचं रक्त तपासलं. रेवाचा आकडा डॉक्टरांनी दोनदा पाहिला.

"दोन घासांनी इतकं शिसं चढत नाही," ते म्हणाले. "हे जुनं आहे. ज्यांनी भाजी खाल्लीच नाही, त्या मुलांतही आहे. यापुढं त्या मातीशी संबंध नको, मग हळूहळू उतरेल."

शर्वरीनं आकडा लिहून घेतला. रडायचं नंतर, असं तिनं ठरवून टाकलं.

रविवारी बैठक तापली. "उपटून टाका ते विष!" चौगुले गरजले. प्रशिक्षण देणाऱ्या तांबोळी मॅडम बोलायला उठल्या, पण त्यांच्याआधी शर्वरी उभी राहिली.

"उपटा. शिसं जमिनीतच राहील, फक्त ते ओढणारं कुणी नसेल. माझ्या मुलीनं ती भाजी दोन घास खाल्ली. माती दोन वर्षं खाल्ली."

चौगुले खाली बसले. शर्वरी पुढं म्हणाली,

"कुंपण घालू. पाटी मी बदलते, वाफ्यातलं काहीच खायचं नाही. आणि गच्चीवर, तपासलेल्या मातीत खरा माठ लावू. वाट्या भरायला काहीतरी हवंच ना आपल्याला."

"आणि माझंही नाव घाला बागसेवकांत," मागून आवटीकाकू म्हणाल्या. "मी वाफ्यापाशी बसले, तर कुणाची टाप आहे पान तोडायची!"

"काकू, वाफा तुमच्यापासूनच सांभाळायचाय," चौगुले म्हणाले, आणि बैठक पहिल्यांदा हसली.

नऊ रविवार पुरे करून दोघींनी बागसेवकांच्या हिरव्या टोप्या मिळवल्या. शर्वरीनं शिसेओढीचं पहिलं पीक कापलं, ते विसाव्या दिवशी निळं पडलं होतं. दुसरं तेविसाव्या दिवशी पडलं. जमीन निवळेल तशी निळाई उशिरा येईल, असं तांबोळी मॅडमनी शिकवलं होतं. ज्या हंगामात ती येणारच नाही, त्या हंगामात कुंपण काढायचं. सहा-सात वर्षं तरी धरा, त्या म्हणाल्या होत्या.

त्याच मुळांवर फुटलेल्या तिसऱ्या पिकाचा आज एकतिसावा दिवस होता. रेवा काकूंचं बोट धरून कुंपणाबाहेर उभी होती.

"आई, निळं झालं?"

"नाही गं."

"मग मी आत येऊ?"

"थांब."

पानं लालचुटुक होती, एकही शीर निळी नव्हती. पण लाल पानावर विश्वास ठेवायचे दिवस संपले होते. शर्वरीनं हातमोजे चढवले, गुडघ्यावर बसून मुळाशी बोटभर माती उकरली, पाण्यात कालवली आणि तिच्यात शिसकागद बुडवला. कागद पिवळाच राहतो की काळा पडतो, ते पाहायला मिनिटभर थांबायचं होतं. सात वर्षांचं काम जमिनीनं खरंच इतक्या लवकर उरकलं होतं, की रोपंच ओढून ओढून थकली होती?