बेकरीतला गॅसचोर

कणीक टबाचा काठ ओलांडून ओट्यावर उतरली होती आणि आता दाराकडे निघाल्यासारखी दिसत होती.

"हे सगळं चोरीमुळे," बेकरीचे मालक म्हणाले. पिठात घालायचं पाणी गार करायला त्यांच्याकडे चिलर होता. त्यातला गॅस कमी झाला की पाणी कोमट येई आणि कणीक वेळेआधीच फुगे. आठ किलोपैकी महिन्याला दीड किलो गॅस गायब होत होता. "चोर घरचाच. आमचे मेव्हणे. आज संध्याकाळी त्यांना नारळ."

मेव्हणे, म्हणजे बेकरीचे मेकॅनिक, मान खाली घालून उभे होते. मालकीणबाईंनी ट्रे आपटला. भाऊ गेला तर आपणही त्याच्यामागोमाग जाऊ, असं त्यांनी सकाळीच बजावलं होतं.

चिलर तपासायला मालकीणबाईंनी वहिनींना बोलावलं होतं; गळती शोधण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. सोबत त्यांचा दीर असे. बॅग उचलणं हे त्याचं काम आणि घाईने निष्कर्ष काढणं हा छंद. मेव्हण्यांचा पडलेला चेहरा पाहून त्याने निकाल देऊनही टाकला होता.

मालकांनी पुरावा घडाघडा म्हणून दाखवला. "सोमवारी गॅसचा दाब दोनशे दहा, मंगळवारी दोनशे नऊ, शनिवारी दोनशे पाच. उतरतोय की नाही?" त्यांच्या अंगठ्याला पट्टी होती. भट्टीचा चटका, ते म्हणाले.

"गल्ला सोडून भट्टीकडे कधी फिरकलात?" मालकीणबाईंनी विचारलं. मालक खोकले. गल्ल्याच्या खणातून निळ्या पाइपचं टोक डोकावत होतं. बागेचा असेल, असं दिराने ठरवलं.

मेव्हण्यांनी प्रत्येक सांध्याला साबणाचा फेस लावून पाहिला होता. एक बुडबुडा नाही. मालकीणबाईंना एवढंच आठवत होतं, की गेल्या महिन्यात मालक दोन आठवडे मुलीकडे गेले, तेव्हा पाणी छान गार राहिलं.

"चोरही सुट्टीवर गेला असेल," दीर म्हणाला.

"मालक नसताना चोराचं फावायला हवं, भाऊजी." वहिनींनी त्याला चिलरवरचा दाब वाचायला सांगितलं. तो यंत्राभोवती दोनदा फिरला. दाब दाखवणारी तबकडी कुठेच नव्हती. मग वहिनींनी झडपेची पितळी टोपी काढून स्वतःचं दाब मोजायचं गेज पाइपने जोडलं. काढताना त्या पाइपच्या टोकाची चावी आधी बंद केली. गॅस सुटल्याचा आवाजसुद्धा झाला नाही.

"मालक, गल्ल्याचा खण उघडा."

निळा पाइप बाहेर आला, दोन मीटर. त्याच्या शेवटाला गेज होतं, चावी नव्हती.

"यंत्राला तबकडी नाही, मग रोजचा आकडा आला कुठून?" वहिनी म्हणाल्या. "मेव्हणे यायच्या आधी तुम्ही हे लावत होता. या झडपेपाशी गॅस द्रवरूपात असतो. पाइप त्याने गच्च भरतो आणि काढला की सगळा हवेत. दिवसाला पन्नास ग्रॅम, महिन्याला दीड किलो. सांधे गळतच नव्हते, मग फेसात बुडबुडा कुठून येणार? आणि तो द्रव उडताना इतका गार होतो, की कातडी पोळते. अंगठा भट्टीने नाही भाजला."

मालक अंगठ्याकडे बघत राहिले. "मी तर राखण करत होतो."

"कुंपणानेच शेत खाल्लं," दीर समाधानाने म्हणाला, जणू हे त्याला पहिल्यापासून ठाऊक होतं.

मेव्हण्यांनी मान वर केली आणि हात पुढे केला. "दाजी, गेज द्या."

मालकांनी गेज दिलं, पण पाइपचं टोक काही हातातून सुटेना. "संध्याकाळचं ते... राहू दे. पण मग उद्या मला कळणार कसं?"

"पाण्यात बोट घालून बघा," मेव्हणे म्हणाले. "पट्टी नसलेलं."