मुठीतली शिट्टी

तो कानाची मशीनं विकायचा. पाटीवर 'श्रवणयंत्र केंद्र' असं भारदस्त लिहिलं होतं, पण गिऱ्हाइकं त्याला कानवालेच म्हणत, आणि त्यालाही ते आवडायचं. शिक्षण बेताचं. जे आलं ते लोकांच्या कानांत डोकावून आलं. धंद्यातली एक गोष्ट मात्र त्याला पक्की कळली होती. सूचनांचा कागद कुणी वाचत नाही, सांगितलेली गोष्ट कुणी विसरत नाही. म्हणून तो सूचना गोष्टींतून द्यायचा. अंघोळीआधी मशीन काढा, हे सांगायला त्याच्याकडे एक पेन्शनर होते, दर महिन्याला मशीन भिजवून आणणारे. सेल गोळ्यांजवळ ठेवू नका, यासाठी एक आजोबा होते. सकाळची गोळी समजून त्यांनी बटणाएवढा सेल गिळला आणि थेट ऑपरेशनच्या टेबलावर जाऊन झोपले.

त्या संध्याकाळी समोर एक निवृत्त मुख्याध्यापिका बसल्या होत्या. कानाच्या आत बसणारी जोडी घेत होत्या. त्यानं सगळं नीट शिकवलं. झोपताना काढा, सेलचं झाकण उघडून ठेवा, ओल शोषणाऱ्या दाण्यांच्या डबीत ठेवा, टोकाची बारीक जाळी मळानं भरली की बदला. मग नेहमीसारखा आवाज खाली आणून त्यानं शेवटची गोष्ट काढली.

"आमच्या घरचंच सांगतो, बाई. मंडळींना मी स्वतःच्या हातानं मशीन करून दिलं होतं. एक दिवस उजव्या कानात घालायला विसरल्या आणि रस्ता ओलांडायला गेल्या. ट्रक नेमका उजवीकडून आला. हॉर्न वाजत होता म्हणे..."

मुख्याध्यापिकांनी डोळे पुसले. ही गोष्ट ऐकून मशीन न घेता उठलेलं गिऱ्हाईक त्यानं अजून पाहिलं नव्हतं. आणि तेवढ्यात टेबलाच्या खणातून शिट्टी आली. सुईसारखी बारीक.

ही शिट्टी त्याला नवी नव्हती. चालू मशीन कानातून काढून मुठीत धरलं की ते असंच किंचाळतं. कुणाचं तरी दुरुस्तीला आलेलं असेल, म्हणत त्यानं हसून वेळ मारून नेली. मुख्याध्यापिका गेल्यावर खण ओढला.

आत एकच डबी होती. बायकोची.

डबीत तिचं उजव्या कानाचं मशीन होतं. सेलचं झाकण उघडं, आत सेल नाही. दीड वर्षापूर्वी त्यानंच तो काढला होता. पण टोकाची जाळी मळानं भरली होती. ओला, मऊ, नुकता कानातून निघाल्यासारखा मळ. त्या कोरड्या डबीतून तिच्या केसांच्या तेलाचा वास आला, तसा त्यानं खण घाईनं लोटला.

आता खरं काय घडलं ते सांगायला हवं, कारण तोवर ते त्याच्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं. ती विसरली नव्हती. चांगले तीन दिवस त्याच्या मागे लागली होती. त्या दुपारी तर दुकानात येऊन, मशीन कानातून काढून तिनं टेबलावर ठेवलं. "अहो, ह्यातून काहीच येत नाहीये. तेवढी जाळी बदलून द्या ना." दोन मिनिटांचं काम होतं. समोर गिऱ्हाईक बसलं होतं, गोष्ट ऐन रंगात आली होती. तो मान वर न करता "उद्या करतो, ठेव तिथं" म्हणाला. ती ठेवून गेली. उजवीकडून ट्रक आला.

त्या रात्री दवाखान्यातून परतल्यावर त्यानं दुकान उघडलं आणि जाळी बदलली. खरंच दोन मिनिटं लागली.

लोकांनी विचारलं तेव्हा "घालायला विसरली" हे शब्द त्याच्या तोंडून आपसूक निघाले. मग ते मागे घेता येईनात. पुढे पुढे दुकानातही उपयोगी पडू लागले.

मुख्याध्यापिकांच्या दिवसापासून एक मात्र झालं. त्यानं बायकोची ती गोष्ट सांगितली की खणात शिट्टी वाजायची. पेन्शनरांची सांगितली, आजोबांची सांगितली, तर खण गप्प. रोज सकाळी तो जुनी जाळी काढून नवी बसवायचा. दुसऱ्या दिवशी ती भरलेली असायची.

महिनाभरानं लेक आली. आईचं कपाट आवरून, हातात तिची शाल घेऊन दुकानात येऊन बसली.

"बाबा, मला आईचा अजून राग येतो," ती म्हणाली. "किती सांगायचो आपण तिला. तिनं ऐकलंच नाही. मी तिच्या फोटोशीसुद्धा भांडते... असं करू नये ना?"

आता सांगावं. एकच वाक्य होतं. लेकीचा राग त्या फोटोवरून उठून हक्काच्या जागी, त्याच्यावर येऊन बसला असता. त्यानं तोंड उघडलं.

"विसरली गं ती," तो म्हणाला. "माणूस विसरतं."

खणात शिट्टी सुरू झाली. ह्या वेळी थांबेना. लेकीनं विचारलं, काय वाजतंय. त्यानं सांगितलं, सेल संपत आलाय कुणाचा तरी. तिनं शाल छातीशी धरली, "येते बाबा" म्हणाली आणि गेली. काचेच्या दारातून ती वळणापर्यंत दिसत होती. हाक मारली असती तर ऐकू गेली असती. त्यानं मारली नाही.

दुकानात तो आणि ती शिट्टी, दोघंच उरले. त्यानं डबी टेबलावर घेतली, झाकणावर हात ठेवला. आतून थरथर जाणवत होती.

"जाळी मी बदलली नाही," तो हळू म्हणाला. "तू विसरली नव्हतीस. मी... मी उद्या म्हणालो."

शिट्टी तुटली.

चालू मशीनची शिट्टी अशी एकदम थांबते ती मूठ उघडल्यावर, हे त्याला पुरतं माहीत होतं. तो तसाच बसून राहिला. आपण योग्य तेच बोललो, पण जिला सांगायचं ती निघून गेली, एवढंच त्याच्या मनात घोळत होतं. मूठ उघडून मोकळ्या झालेल्या तिच्या हाताचा विचार त्याला जरा उशिराच सुचला.

मशीन दुसऱ्याच्या कानात बसवायचं तर एका हातानं कान वर आणि किंचित मागे ओढतात. भोक सरळ होतं, दुखत नाही. कुणीतरी त्याचा उजवा कान अलगद धरून वर आणि मागे ओढला.

एकाच्या कानाच्या ठशावर केलेलं मशीन दुसऱ्याच्या कानात जात नाही. प्रत्येक कानाची वळणं निराळी असतात.

तिचं हे मशीन मात्र त्याच्या कानात अगदी बरोबर बसलं. त्याला त्यातून काहीच ऐकू येत नव्हतं.