न जोडलेला आवाज

लातूरच्या ट्यूशन एरियात हणमंतराव सरांच्या स्पर्धा परीक्षा वर्गाला लागून एक अरुंद खोली होती. तिथं काही जुने कॉम्प्युटर होते आणि सगळ्यांवर विंडोजऐवजी लिनक्स होतं, कारण ते फुकट मिळतं. ही खोली नाजिया सांभाळायची. तिचं माहेर नांदेडचं. तिथं थोरल्या भावाच्या, कलीमच्या दुकानात ती हे काम शिकली होती. मशीनमध्ये जे घातलं तेच बाहेर येतं, यावर तिचा पक्का भरवसा होता.

त्या उन्हाळ्यात औशाकडची आरती वर्गात आली. भूकंपानंतर नव्यानं वसवलेल्या गावातली पोरगी. तिला जन्मापासून दिसत नव्हतं. बँकेची परीक्षा तोंडावर आली होती आणि नोट्स वाचून दाखवणारी तिची मैत्रीण लग्न होऊन भोकरला गेली होती. नाजिया म्हणाली, "तुला वाचून दाखवणारा कॉम्प्युटर करून देते मी."

मजकूर मोठ्यानं वाचणारा एक प्रोग्रॅम तिला सापडला. पण तो तयार मिळेना. मूळ कोड उतरवून घ्यायचा आणि आपल्या मशीनवर बांधायचा, असं ते काम होतं. अशा कामाची तऱ्हा लग्नाच्या आवतणासारखी. एकाला बोलवायला जावं तर तो म्हणतो आधी चुलत्याला सांगा, आणि चुलता म्हणतो व्याही आल्याबिगर मी येत नसतो. प्रोग्रॅमनं एक लायब्ररी, म्हणजे दुसऱ्या कुणी आधीच लिहून ठेवलेला कोडचा गठ्ठा मागितला, त्या लायब्ररीनं दुसरी, आणि दुसरीला तिसरीची नेमकी जुनी आवृत्तीच हवी होती. नेट मुंगीच्या पावलानं चालायचं, मध्येच लाइट जायची. नाजियाचं जेवणात लक्ष लागेना.

शेवटी एकाच गोष्टीवर घोडं अडलं. मराठी आवाजाचं पॅकेज कुठंच मिळत नव्हतं. निदान प्रोग्रॅमची खिडकी तरी उघडते का ते बघावं, म्हणून तिनं आवाज वगळून बांधणी केली. काम संपल्यावर पडद्यावर काय जोडलं, काय नाही ते उमटलं. आवाजापुढं 'नाही' होतं.

तिनं आरतीच्या टाइप केलेल्या नोट्सचं एक पान उघडलं आणि बटण दाबलं.

स्पीकरमधून एक बाई वाचू लागली.

मध्यम वयाचा, जरासा घोगरा आवाज. वाक्य संपलं की ती श्वास घ्यायची. नाजियाला वाटलं, डिस्कवर कुणी आधी टाकलेलं जुनं पॅकेज असेल. तिनं कोपरा न् कोपरा शोधला. काही नव्हतं. मग सगळी माहिती कलीमला पाठवून तिनं फोन लावला.

"नाजू, यात आवाजाचं काहीच नाही गं," कलीम म्हणाला. "साउंडची लायब्ररीसुद्धा जोडलेली नाही. हा प्रोग्रॅम मुका आहे."

"बोलून राहिलाय, भाई."

कलीमनं ती माहिती पुन्हा चाळली. "उडव आणि पुन्हा बांध."

तिनं पुन्हा बांधला. पुन्हा तीच बाई. तोवर आरती शेजारी येऊन बसली होती, मान किंचित कलती करून.

"राहू द्या ना, मॅडम," ती म्हणाली. "लई समजून वाचतेत."

परीक्षा जवळ आली होती, म्हणून नाजियानं राहू दिलं. आरतीचे सरावाचे मार्क वाढू लागले. नाजियाला मात्र खोलीत एका जागी बसवेना. पानावर 'आहे' असलं की ती बाई 'हाय' वाचायची. आरती "काय?" म्हणाली की तेच वाक्य पुन्हा यायचं, आणि मशीनला माइक नव्हता. दारात कुणी आलं की आवाज थांबायचा. माणूस गेलं की वाचन पुढं सुरू. नाजिया उगाच टेबलं पुसायची, खिडक्या उघडायची, पुन्हा लावायची.

एका दुपारी सामान्य ज्ञानाचं पान चाललं होतं. किल्लारीचा भूकंप. सप्टेंबरातली पहाट, एवढं वाचून आवाज थांबला.

पान अजून बरंच बाकी होतं.

मग स्पीकरमधून अगदी खालच्या सुरात आलं, "हळू. लेकरं झोपल्यात."

पानावर असं काही लिहिलेलं नव्हतं.

"बरं," आरती तितक्याच हळू म्हणाली.

नाजियानं मशीनची वायर उपटली.

त्याच आठवड्यात कलीमला आवाजाचं पॅकेज मिळालं. नांदेडच्या एसटीतून त्यानं सीडी पाठवली. नाजियानं डिस्क कोरी केली, सगळं पहिल्यापासून घातलं, एकेक लायब्ररी तपासून जोडली. या खेपेला आवाजापुढं 'आहे' उमटलं. पत्र्यासारखा सपाट, पुरुषी आवाज वाचू लागला. श्वास न घेता.

आरतीनं थोडा वेळ ऐकलं. "चालंल," म्हणाली.

नाजियाच्या जिवाचा घोर गेला. बाकीच्या पोरांना त्रास नको म्हणून तिनं आरतीला कानात घालायचे नवे इयरफोन आणून दिले.

परीक्षेच्या आदल्या दिवशी दुपारी खोलीत दोघीच होत्या. नाजियानं दारातूनच विचारलं, "सवय झाली का गं या आवाजाची?"

"हाव. नीट वाचतो."

"त्या बाईंचा आवाज आठवत असेल तुला."

आरतीनं मान हलवली. "त्या आता वाचत न्हाईत, मॅडम. नुसत्या ऐकून राहिल्यात."

नाजिया दोन पावलं पुढं आली. इयरफोनची एक गोळी आरतीच्या कानात होती. दुसरीची तार तिच्या मांडीवर लोंबायला हवी होती.

ती तार बाजूच्या रिकाम्या खुर्चीकडं गेली होती. ताठ ताणलेली, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर.