गळलेल्या फुलांची मोजणी

“झाडावरचं फूल नोको मोजू, पंचफुला. गळलं तेवढंच सांग मले...”

तो आवाज अजून कानात आहे. सत्तावन्न साल. इंझोरीच्या आमच्या शेतात तुरी फुलांनी पिवळ्या झालेल्या, आणि शेतकी खात्याचा जगदेव कामदार पाठीवर पंप घेऊन धुऱ्यावरून उतरलेला. बाबांनी त्याला तुरीच्या चार ओळी दिल्या. दोन ओळींवर तो फूलगळ थांबवायचं औषध मारणार, दोन तशाच ठेवणार. रोज सकाळी खालची फुलं वेचून मोजायची, हे काम माझं. मंगळवारी येऊन तो आकडे वहीत उतरवणार.

“मले लिहिता नाई येत.”

“मोजता त येते? पाच फुलं तुया नावातच हायेत. सहाव्यापासून सुरू कर!”

मी पदर दातांत धरला... हसू काही धरता आलं नाही.

दवानं भिजलेली फुलं बोटांना चिकटत. मी विसा-विसाच्या ढिगल्या करी. तो येई, माझी पिवळी बोटं बघत राही, आणि वही उघडायचंच विसरे.

“औषध लागू पडलं, तं?” एकदा मी विचारलं.

“मंग इथलं काम सरलं. दुसऱ्या तालुक्यात जाईन.”

“आन नाई पडलं?”

“पुढच्या साली पुन्हा याच वावरात.” तो हसला – “काहून? कटाळली काय मले?”

मी वाकून फुलं वेचू लागले.

औषध लागू पडलं होतं. फवारलेल्या ओळींखाली निम्मीही फुलं गळत नव्हती. आणि मी दर मंगळवारी दोन्हीकडचा आकडा सारखाच सांगत गेले.

पुढं शेंगा भरल्या. त्या दोन ओळी ओझ्यानं वाकल्या. मोठे साहेब आले, त्यांनी तुरी पाहिल्या, वही पाहिली. घरी बसून खोटे आकडे लिहिले, असा ठपका ठेवून जगदेवला कामावरून काढलं.

तो पंप न्यायला आला. चेहरा पार उतरलेला.

“मोजणी कुठं चुकली, तेच समजून नाई राह्यलं,” तो म्हणाला. “पन तुयं नाव नाई घेतलं म्या. मीच मोजली म्हनलं.”

पंप खांद्याला अडकवून तो वळला. मी मागं धावले.

“थांबा ना!... मोजणी नाई चुकली. म्या खोटं सांगतलं, दर मंगळवारी. औषध लागू पडलं म्हनलं असतं, त तुमी पुन्हा आले नसते... आन मले – मले तुमी पायजे होते.”